जर्किनखालचं नाव

"ताई, ही गाडी पुनावळ्याला जाते का?" असं त्यानं विचारलं आणि भाग्यश्रीनं "हो, जाते, रावेतवरून," असं सांगूनही टाकलं. सांगून झाल्यावर मग तिनं वर बघितलं. निगडीच्या स्टँडवर गुरुवारी सकाळी असते तशी गर्दी होती. कंपन्यांना सुट्टी, त्यामुळे माणसं बायकापोरांना घेऊन बाहेर पडलेली. आणि समोर तो उभा होता. चौकड्यांचा शर्ट, पायात सँडल, एका हातात एक्स-रेचं मोठं पाकीट आणि दुसऱ्या हातानं धरलेली एक म्हातारी. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. डाव्या भुवईत जुनी खाच. "थँक्यू ताई," म्हणाला आणि म्हातारीला घेऊन गाडीकडे वळला. त्यानं तिला ओळखलं नव्हतं.

भाग्यश्रीनं मात्र त्याला ओळखलं, आणि आधी तिला राग आला तो स्वतःचा. रावेतवरून! तेवढं आणखी सांगायची काय गरज होती? नुसतं "माहीत नाही" म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही, कुणी रस्ता विचारला की हिच्या तोंडातून आपोआप नीट उत्तर यायचंच, आवाजही आपोआप मऊ व्हायचा. कारण नीट वागलं की लोक नीट वागतात, असं तिनं स्वतःला दापोडीच्या गल्लीत असल्यापासून शिकवलेलं. आणि तो "ताई" म्हणाला होता. हा शब्द ऐकायला मिळावा म्हणून तिनं किती वर्षं घासली होती. आई अजून अडखळते. धाकटा भाऊ धम्मरत्न कधी म्हणतो, कधी नुसताच "ए" म्हणून हाक मारतो. कंपनीत लाइनवरच्या बायकांनी म्हणायला सहा महिने घेतले. आणि ह्यानं एका झटक्यात, बसचा रस्ता विचारता विचारता, फुकटात म्हणून टाकला. तिला वाटलं, आता कुणी ताई म्हटलं की ह्याचाच आवाज ऐकू येणार. म्हणजे तेही गेलं.

गाडी सोडून द्यावी असं एकदा मनात आलं. पण मग तिला इतका वैताग आला की ती जवळजवळ पळतच चढली. गेल्या वर्षभरात तिनं काय काय सोडलं होतं. हायवेच्या कडेचा तो सर्व्हिस रोड सोडला. तिथला चहावाला चांगला होता, तोही सोडला. कंपनीच्या बसचा थांबा बदलून घेतला, त्यापायी रोज जास्तीची पायपीट. खाकी पँटवाला वॉचमन दिसला की रस्त्याची बाजू बदलायची. आता पीएमपीच्या गाड्याही ह्याच्यासाठी सोडायच्या का? सकाळपासून आधीच डोकं फिरलेलं होतं. कुकरची रिंग आणायला ती निगडीला आलेली, दुकानदारानं दुसऱ्याच मापाची दिली, तिला स्टँडवर आल्यावर कळलं, परत गेली तर तो म्हणाला पाकीट फोडलंय, बदलून मिळणार नाही. इतक्या किरकोळ गोष्टीवरून तिचे डोळे भरून आले होते. आणि डोळे भरून आले म्हणूनच बहुतेक तिनं त्याच्याकडे न बघता उत्तर दिलं होतं.

ती बायकांच्या सीटवर खिडकीपासून दूर बसली. तेवढ्यात ती म्हातारीच आली आणि म्हणाली, "सरक गं बाय जरा, मला खिडकी नगं, वारं लागतंय." भाग्यश्री खिडकीशी सरकली. म्हणजे म्हातारी आली तिच्या डाव्या हाताला. आणि तो, दोन हात पुढे, वरची दांडी धरून त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. दांडीवरचा हात तिच्या डोळ्यांसमोर होता. मनगटाची आतली बाजू, तबकडी, पट्ट्याच्या कडेनं बाहेर आलेले केस. हा हात तिनं याच्याहून जवळून पाहिला होता.

तेव्हा थंडी होती. जादा काम करून ती चाकणहून उतरली तेव्हा दिवेलागण झाली होती, आणि सिग्नलला उभ्या राहणाऱ्या ओळखीच्या दोघीजणी भेटल्या म्हणून ती बोलत थांबली. नुसती बोलत थांबली. हे 'नुसती' तिला नंतर किती वेळा सांगावं लागलं! दुसऱ्या दिवशी कुणा मोठ्या माणसाच्या गाड्या त्या रस्त्यानं जायच्या होत्या आणि रस्ता साफ करायचा हुकूम होता. पोलिसांची गाडी आली, तिघींना आत ढकललं. भाग्यश्रीनं गळ्यातलं कंपनीचं कार्ड काढून दाखवलं. काळं जर्किन घातलेला एकजण ते हातात घेऊन म्हणाला, "अरे वा, कंपनीत पण टाळ्या वाजवायला ठेवतात होय?" आणि कार्ड खिशात टाकलं. चौकीत गेल्यावर प्रश्न पडला की ह्यांना बायकांत ठेवायचं की पुरुषांत. पडला म्हणजे त्यांनी तो पाडला, हसत हसत. तिनं सांगितलं, साहेब, बाई कॉन्स्टेबलला बोलवा, कायदा आहे तसा. कायदा हा शब्द उच्चारायला नको होता. जर्किनवाल्यानं तिच्या डाव्या कानावर अशी मारली की तिला आवाज आलाच नाही, नुसता एक पांढरा झोत आला. मग 'तपासून ठरवू' म्हणाले. त्यांनी तपासलं. तो पुढे होता, बाकीचे बघत होते. कपडे परत दिले नाहीत तेव्हा तिनं मागितले, त्यावर प्लास्टिकचा पाइप आला. आणि शेवटी पुरुषांच्या कोठडीचं दार उघडून आतल्या चौघांना तो म्हणाला, "घ्या रे, पाहुणी आलीये." पुढचं तिनं आत्तापर्यंत इतक्या टेबलांपुढे सांगितलं होतं की ते शब्द आता तिचे राहिलेच नव्हते. सांगताना तिला वाटायचं, आपण कुणा तिसऱ्याच बाईची फाइल वाचून दाखवतोय. तिचा स्वतःचा म्हणून उरला होता तो फक्त त्या फरशीचा वास, फिनेल आणि शिळ्या भाताचा. तो तिला कुणी विचारला नाही.

सकाळी सोडून दिलं. कुठे सही नाही, नोंद नाही. आणि इथून खरा छळ सुरू झाला असं ती वर्षाली मॅडमना, म्हणजे तिच्या वकिलांना, चिडून म्हणायची. कारण नोंद नाही म्हणजे तुम्ही इथे नव्हताच. कॅमेरा? बंद होता. डॉक्टर? डॉक्टरनं लिहिलं, पडल्यामुळे असू शकेल. त्या दोघीजणी? "भाग्या, आम्हाला रोज त्याच सिग्नलला उभं राहायचंय गं," असं म्हणून त्या गप्प झाल्या. तिला त्यांचा राग आला आणि राग आल्याचाही राग आला. वरच्या कचेरीतला साहेब सभ्य होता, पाणी विचारायचा. "बरं, मारणाऱ्याचं नाव काय?" "छातीवर पट्टी असते ना साहेब, ती जर्किनखाली होती. चेन गळ्यापर्यंत लावलेली." "मग ओळखणार कसं?" "दाखवा ना मला. त्या दिवशी ड्यूटीवर कोण कोण होते त्यांना उभं करा, मी ओळखते." "असं कसं कुणालाही उभं करता येईल? नाव आणा." ती घरी येऊन भांडी आदळायची. मी आणू नाव? ज्याला कोंडलं त्यानं कोंडणाऱ्याचं नाव विचारून ठेवायचं? पुण्याहून कुठल्याशा संस्थेची मुलं आली, चांगली होती, मेणबत्त्या लावणार होती. त्यांना तिचा फोटो हवा होता, शक्यतो रडका नको, ठाम. धम्मरत्न म्हणाला, "सोड ना आता. मलाही कंपनीत लोक विचारतात." कंपनीतल्या एचआरच्या मॅडम भेटल्या की विचारायच्या, "तुमचं ते मॅटर मिटलं का?" जणू पावसात भिंतीला ओल आली होती.

आणि कान. ती वायरिंगच्या लाइनवर होती, गाडीच्या आत जाणारे तारांचे जुडगे बांधायचं काम. कनेक्टर नीट बसला की बारीक 'टक' असा आवाज होतो, सगळ्या बायका त्या आवाजावर हात चालवतात. तिला तो आता डावीकडून येईना. मग प्रत्येक जोड ओढून बघायचा, त्यानं हात मागे पडायचा, सुपरवायझर बोलायचा. उजवा कान पुढे करून ती दिवसभर वाकडी बसायची, रात्री मान धरायची. हे नुकसान कुठल्या रकान्यात लिहायचं?

म्हातारी बोलत होती. बऱ्याच वेळापासून बोलत असावी, कारण तिनं कोपरानं ढोसलं. भाग्यश्री मान वळवून उजवा कान तिच्याकडे करत म्हणाली, "काय म्हणालात आजी?"

"आगं, म्हनलं कुनीकडं ऱ्हाती? आमी मावळातलं. गुडघ्याचा फोटू काढला. डॉक्टर म्हनतोय वाटी बदलायची. म्या म्हनलं, ह्या वयात काय नवी वाटी, हाय त्याच ताटात जेवीन." आणि ती स्वतःच हसली. दात फारसे नव्हते, हसणं मात्र छान होतं. भाग्यश्रीला ते हसणं छान वाटलं म्हणून तिचं डोकं आणखी तडकलं. ह्याची आई खाष्ट असायला काय हरकत होती? निदान गप्प तरी असायला?

"पुनावळ्यालाच राहते," ती म्हणाली.

"आमचा भैरूबी तितंच. बिल्डिंगीत, लिफ्ट हाय. ए भैरू, बाटली दे रं." त्यानं मागं न बघता बाटली दिली. "पोलिसात हाय माझा," म्हातारी पाणी पिऊन म्हणाली आणि मग, कुणी काहीच विचारलं नसताना, त्याच्या बापाचं नाव दत्तोबा, आडनाव, गाव, तो भरतीला कसा पळत होता, आधी कुठल्या चौकीला होता आणि आता कुठे आहे, हे सगळं तिनं सांगितलं. चौकीचं नाव ऐकताना भाग्यश्रीनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली. एवढंच होतं तर. वर्षभर एक साहेब तिला विचारत होता, ती वकिलांना विचारत होती, वकील अर्ज करत होत्या, अर्जाला उत्तर येत होतं की माहिती उपलब्ध नाही. आणि ती माहिती इथे, गुडघ्याच्या दुखण्यामधून, एक बाई कौतुकानं वाटत सुटली होती. तिला आनंद व्हायला हवा होता. तिला हसू येईल की काय अशी भीती वाटली.

"कानानं कमी येतं व्हय तुला?" म्हातारीनं विचारलं. "सारखी मान फिरवतीस. मलाबी ह्या बाजूनं न्हाई येत. पर माझं वय झालं. तुला कशानं गं, इतक्या तरणीला?"

कुणी इतकं सरळ विचारलं नव्हतं. टेबलापलीकडून विचारायचे तेव्हा प्रश्नात आधीच संशय असायचा, किंवा दया, किंवा पेन. भाग्यश्री म्हणाली, "मारलं एकानं."

"नवऱ्यानं?"

"नाही. नवरा नाही मला."

"मग कोन मेल्यानं? हात झडला न्हाई त्याचा? आसं कानफाडीत मारत्यात व्हय लेकीबाळींना! तक्रार द्यायची न्हाई का?"

दांडीवरचा हात हलला. तो ऐकत होता. त्यानं मान किंचित वळवली, मग पूर्ण वळवली, आणि आता तो तिच्याकडे बघत होता, केसांकडे, गळ्याकडे, डाव्या कानाकडे. ओळख पटायला माणसाला किती वेळ लागतो हे भाग्यश्रीनं पहिल्यांदाच समोरून पाहिलं. आधी त्याच्या चेहऱ्यावर नुसता त्रास होता, काही आठवत नसल्याचा. मग त्याला आठवलं, आणि तोंड एकदम लहान झालं.

"आई, चल, उतरायचंय," तो म्हणाला.

"आरं, आपला स्टॉप कुटं आला? अजून रावेतबी न्हाई."

"चल म्हणतो ना." मग तो वाकला आणि अगदी खालच्या आवाजात भाग्यश्रीला म्हणाला, "ताई, आईसमोर नको. आपण नंतर बोलू. प्लीज."

तिला खरंच कळेना की ह्याला काय म्हणावं. वर्षभर ती मनात ह्याच्याशी बोलत आली होती. मनातल्या त्या बोलण्यात तो उर्मट असायचा, नाकारायचा, हसायचा, आणि ती त्याला काहीबाही सुनवायची. तो असा अजिजीनं वागेल हे तिनं धरलंच नव्हतं. म्हणजे इथेही सांभाळून घ्यायचं कुणी, तर तिनंच. नीट वागायचं तिनंच. म्हातारीचा गुडघा, म्हातारीचं मन, सकाळची वेळ, भरलेली गाडी, सगळ्यांचा विचार करून भाग्यश्रीनं तोंड बंद ठेवायचं. आणि एक क्षण ती ठेवणारही होती, हे तिला स्पष्ट जाणवलं. ओठ मिटलेही होते. मग म्हातारीनं पुन्हा ढोसलं, "काय म्हनतोय गं ह्यो तुला?"

"आजी," भाग्यश्री म्हणाली, "ह्यांनीच मारलं."

आवाज मोठा नव्हता, पण मऊही नव्हता. पुढच्या सीटवरची एक बाई वळली. म्हातारी आधी हसली, चेष्टा समजून, आणि मग हसू तोंडावर तसंच ठेवून लेकाकडे बघू लागली.

"आई, तू ऐकू नको हिचं. ही बाई नाहीच मुळात. ही तसली आहे, सिग्नलवरची."

"मी चाकणला कंपनीत आहे," भाग्यश्री म्हणाली. "माझं कार्ड ह्यांच्याच खिशात गेलं. माझं नाव भाग्यश्री. एका संध्याकाळी ह्यांनी मला उचललं, कपडे काढले, मारलं आणि रात्रभर पुरुषांत कोंडून ठेवलं. त्यांनी माझं काय केलं ते ह्यांनी बाहेर खुर्चीवर बसून ऐकलं. तक्रार दिलीय आजी. वर्ष झालं. नाव माहीत नव्हतं."

म्हातारीनं भाग्यश्रीच्या हातांकडे बघितलं, मोठ्या पंजांकडे, मग हनुवटीकडे. भाग्यश्रीला ती नजर पाठ होती. ती संपेपर्यंत थांबायचं असतं. म्हातारीनं आपली पिशवी उचलून दोघींच्या मध्ये ठेवली. मग ती लेकाला म्हणाली, "तसली हाय, म्हंजी मारलंस व्हय."

"आई, तुला कळत नाही त्यातलं."

"न्हाई मारलं, आसं न्हाई म्हनलास तू."

त्यानं बेल ओढली. गाडी थांबली तेव्हा म्हातारी सीटचा दांडा धरून उठली. तिनं भाग्यश्रीकडे पाहिलं नाही, माफी नाही, शिवी नाही. दाराशी त्यानं हात पुढे केला आणि तिनं तो धरला. भाग्यश्रीला तेच सगळ्यात लागलं. मग तिनं पलीकडच्या खिडकीतून बघितलं, पायरी उंच होती, गुडघा वाकत नव्हता, आणि खाली उतरेपर्यंत म्हातारीनं दुसरं काय धरायचं होतं? उतरल्यावर मात्र तिनं हात सोडला आणि थांब्याच्या बाकावर त्याच्यापासून दूर, टोकाला जाऊन बसली. गाडी निघाली. पुढच्या सीटवरची बाई अजून बघत होती. "काय बघताय?" असं भाग्यश्री तिच्यावर इतक्या जोरात खेकसली की कंडक्टरनंही वळून पाहिलं. मग तिनं फोन काढला. तीनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. "मॅडम, नाव मिळालं," ती म्हणाली. "बापाच्या नावासकट."

वर्षाली मॅडमनी नावानिशी अर्ज दिला. आता माहिती उपलब्ध नाही म्हणायला जागा उरली नव्हती. त्या दिवशीच्या ड्यूटीत भैरूचं नाव निघालं, आणि ते निघाल्यावर इतरांचीही निघाली. त्याला मुख्यालयात बसवलं. निलंबन नाही, नुसतं बसवलं, त्याच पगारावर. मॅडम म्हणाल्या ही सुरुवात आहे. भाग्यश्री म्हणाली, मॅडम, मला सुरुवातींचा कंटाळा आलाय. धम्मरत्नला कुणाकुणाचे फोन आले, समजुतीचे, नंतर धमकीचे. तो एका गुरुवारी तिच्या खोलीवर आला. ती तयारच होती भांडायला, पण तो कॉटवर बसला आणि म्हणाला, "मला म्हणाले, तुझ्या भावाला समजाव. मी म्हटलं, मला भाऊ नाही, बहीण आहे. मग त्यांनी ठेवलाच फोन." हे सांगून तो इतका अवघडला की चहा न घेताच निघून गेला. तिला हसावं की रडावं कळेना. शेवटी तिनं त्याचाही चहा पिऊन टाकला.

जबाबाच्या दिवशी चौकशी अधिकारी नवा होता. खोली तशीच, टेबल तसंच, भिंतीला लावलेल्या कपाटांतून बाहेर आलेली फायलींची टोकं तशीच. शेजारी वर्षाली मॅडम, समोर टाइप करायला बसलेला एक कारकून. अधिकाऱ्यानं चष्मा पुसला, फाइल उघडली, बंद केली आणि म्हणाला, "हं. झालं काय, ते सुरुवातीपासून सांगा."

भाग्यश्रीनं इतका मोठा श्वास सोडला की मॅडमनी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो बाजूला केला, हळूच.

"साहेब, सुरुवातीपासून मी सांगून बसलेय, ते सगळं त्या फाइलीत आहे. पुन्हा सांगते, सांगणारच आहे. पण आधी नाव लिहून घ्या."

"ते आरोपीच्या रकान्यात नंतर येईल."

"नाही, आधी."

अधिकाऱ्यानं मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी खिडकीकडे. त्यानं कारकुनाला खूण केली. भाग्यश्रीनं नाव सांगितलं, बापाचं नाव, आडनाव, चौकी. कारकुनानं टाइप केलं. ती उठून टेबलाला वळसा घालून कॉम्प्युटरच्या पडद्याशी गेली आणि वाकून वाचू लागली.

"भैरव नाही," ती म्हणाली. "भैरू. रू दीर्घ."

कारकुनानं खोडून नीट केलं. तिनं ते पुन्हा एकदा वाचलं, जागेवर येऊन बसली, उजवा कान त्यांच्याकडे होईल अशी खुर्ची फिरवून घेतली आणि सांगायला लागली.